शेजार

कन्नडला जाणाऱ्या रस्त्यालगतच्या एका गावात मुंजाबा आणि कस्तुराबाई या नवरा-बायकोनं घराशेजारची मोकळी जागा विकायला काढली, तेव्हा गिऱ्हाइकं दोनच आली. एक गोडाऊनवाला, आणि दुसरे बजाजनगरहून आलेले तनुजा आणि तिचा नवरा शिवराज.

गोडाऊनवाल्याचा भाव चढा होता. मुंजाबाचं मन तिकडंच झुकत होतं. कस्तुराबाई मात्र तनुजाला न्याहाळत होत्या. त्यांची लेक अक्षदा लग्न होऊन फर्दापूरला गेलेली, नवरा दिवसभर शेळ्यांमागं, आणि घर वस्तीपासून दूर.

"तुमी ऱ्हायाला येनार का?" त्यांनी विचारलं.

तनुजा आणि शिवराजचं ठरलं होतं वेगळंच. रस्ता रुंद होणार होता. जागा घ्यायची, भाव वाढला की काढून टाकायची. तरी तनुजाच्या तोंडून सहज निघून गेलं, "हो तर. घरच बांधायचंय आम्हाला."

"मग यांनाच द्या," कस्तुराबाई नवऱ्याला म्हणाल्या. "बोलायला मानूस पायजे शेजारी. गोडाऊनशी काय बोलू मी?"

परतताना शिवराज हसत म्हणाला, "मग, कधी जायचं राहायला?"

"म्हणायला काय जातं," तनुजा म्हणाली.

खरेदीखत झालं आणि कस्तुराबाईंचे फोन सुरू झाले. पाया कधी काढता? सैपाकघर आमच्या अंगाला ठेवा, बसल्या जागी बोलता येईल. बोअरला पाणी लागेस्तोवर आमच्या हापशाचं न्या, लाजू नका. तनुजा कधी दिवाळीनंतर म्हणे, कधी कर्ज मंजूर व्हायचंय म्हणे. बोलता बोलता तिलाही ते घर दिसायला लागायचं. ओटा, खिडकी, पलीकडं भाकरी थापणाऱ्या कस्तुराबाई. फोन ठेवला की सगळं विरून जायचं. पुढं पुढं तर त्यांचं नाव दिसलं की ती फोन नुसता वाजू द्यायची.

रस्त्याचं काम निघालं, आणि त्याच गोडाऊनवाल्यानं शिवराजला गाठलं. सौदा झाला.

"कस्तुरामावशींना सांगायचं का आधी?" तनुजानं विचारलं.

"आपली जागा आपण विकली. त्यांना काय सांगायचं?"

कायद्यानं त्यात बोट ठेवायला जागा नव्हती. तनुजानं फोन केला नाही.

हद्द दाखवायला दोघं गेले, तेव्हा जेसीबी येऊन उभाच होता. शिवराज नव्या मालकाबरोबर मापं दाखवत राहिला. कस्तुराबाई दारात आल्या आणि तनुजाला आत घेऊन गेल्या. चहा टाकत हलक्या आवाजात म्हणाल्या, "जागा इकावी लागली, लई मोठी अडचन आली व्हय गं? दुखनंबिखनं तर नाय ना कुनाला?"

नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं. पण त्या खरोखर काळजीनं बघत होत्या, आणि तनुजाला ते सोसवेना.

"अडचण नाही आली, मावशी. आम्ही राहायला येणारच नव्हतो. तेव्हाही नव्हतो."

कस्तुराबाईंनी चहा गाळला, कप तिच्यापुढं सरकवला. मग म्हणाल्या, "तसं म्हनली असतीस तर त्यालाच दिली असती. ह्यांचं ऐकलं असतं मी." पातेलं खाली ठेवत म्हणाल्या, "अन् मंग वाट तरी बघितली नसती."

तनुजानं माफी मागितली. कस्तुराबाई "बरं" म्हणाल्या आणि शेळ्यांना पाणी दाखवायला उठून गेल्या.

आज तिथं कस्तुराबाईंच्या घराला लागून गोडाऊनची पत्र्याची उंच भिंत आहे. त्यानंतर शिवराजनं बिडकीनकडं आणखी एक जागा बघितली. मालकिणीनं तोच प्रश्न केला, तेव्हा शिवराजच्या आधी तनुजाच बोलली, "नाही, आम्ही विकायलाच घेतोय." तो सौदा फिसकटला. शिवराज आठवडाभर धड बोलला नाही.

सणावारी तनुजा अजून कस्तुराबाईंना फोन लावते. माहेरी आलेली असली तर अक्षदा उचलते. "आई शेळ्यांकडं गेली, ताई," असं अदबीनं सांगते. एरवी फोन वाजत राहतो.