तुराट्यांखालचं पाणी

"खबरदार त्या तुराट्याले हात लावला तं! पावसाळाभर चुलीत काय घालू? तुमच्या मिशा?"

भागिरथा कमरेवर हात देऊन दारात आडवी उभी होती, आणि तिचा नवरा पुंजाजी डोक्यावर तुराट्यांची मोळी घेऊन तिच्या बगलेतून निसटायच्या बेतात होता.

"सरक व! सरकारचा मानूस जऊळक्याच्या टेसनावर उतरला. शेजारचा जानराव आपल्या डोयानं पाहून आला. दुर्बीन हाय, साखळी हाय, झेंडे हायेत. उद्या अथी येते."

"मंग?"

"मंग काय मंग! पानी मोजाले येऊन राह्यला थो. नदीकाठचं तयं, नाला, झिरा, समदं."

"मोजन तं मोजन. मोजल्यानं पानी घटते काय?"

आता या बाईला काय सांगावं! दोन वर्षांमागं, मोठ्या दुष्काळात, पुंजाजीच्या बहिणीच्या गावी असाच एक साहेब आला होता. विहिरीत दोरी सोडून पाणी मोजलं, गोड बोलला, चहा प्याला, आणि आठ दिवसांत विहिरीवर सरकारी इंजिन येऊन बसलं. टँकर भरभरून पाणी गेलं आणि बहिणीची वांगी उभी वाळली. तेव्हापासून पुंजाजीच्या डोक्यात पक्कं बसलं होतं की पाणी मोजायला आलेला माणूस पाणी घेऊनच जातो.

आणि झिरा काही असातसा नव्हता. गावात विहीर होती, पण तिला वस्तीच्या बायांनी हात लावायचा नाही. घागर खाली ठेवायची आणि कोणी तरी वाढेल म्हणून उन्हात ताटकळायचं. धम्म घेतला त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात पुंजाजीच्या बापानं चार घरची माणसं जमवली आणि तळहाताची सालं जाईस्तोवर कोरून नदीकाठी हा पाझराचा झिरा काढला. तेव्हापासून वस्तीनं कोणापुढं घागर ठेवली नाही. दर साली भीमजयंतीच्या आधी सारी वस्ती मिळून तो उपसायची, गाळ काढायची. असा झिरा इंजिनाच्या घशात घालायचा? पुंजाजीचा जीव खालीवर होत होता, आणि त्यात हसण्यासारखं काही नव्हतं. हसण्यासारखं होतं ते त्याचं डोकं.

त्या डोक्यानं पाणीच लपवायचं ठरवलं.

उन्हाळ्यानं तळं आटून खळ्याएवढं उरलं होतं. त्याच्यावर आडव्या बल्ल्या टाकल्या, बल्ल्यांवर तुराट्या, तुराट्यांवर जुनं गवत, वर माती. जानरावनं तर वरून शेणाचा सडाही टाकला. पार तिकडच्या अंगाला झिरा होता, त्याच्यावर फळ्या ठेवून कडब्याची गंजी रचली. मधला नाला पालापाचोळ्यानं बुजवला. पुंजाजी लांब उभा राहून आपल्या कामाकडं मान तिरकी करून पाहत राहिला.

"साहेबाले ईचारून तं पाहा, कायले मोजता म्हून," भागिरथा म्हणाली.

"येडी हायेस काय? चोराले कोनी ईचारते काय, का बाप्पा तू काहून आला?"

दुसऱ्या दिवशी सकाळीच साहेब आला. डोक्यावर टोपी, नाकावर चष्मा, मागं साखळी ओढणारा प्रेमसिंग. नकाशा पसरून म्हणाला, "इथं जुनं तळं दाखवलंय. कुठं आहे?"

"तयं? आटलं साहेब. माह्या बापाच्या टायमालेच आटलं. हे खयं दिसून राह्यलं ना, अथीच होतं." पुंजाजीनं उपरण्यानं डोळे पुसले. "आता पानी म्हनसान तं फकस्त आमच्या डोयात हाय."

जानरावला ठसका लागला, तो तोंड फिरवून खोकत बसला.

"नक्की ना? खोटी माहिती दिली तर पोलिसात देतो मी. मागच्या गावात एकाला दिलाय."

"म्या कायले खोटं बोलीन, साहेब?"

"वा! मग माझं काम सोपं झालं. प्रेमसिंग, इथंच लाल झेंडा रोव. खदान इथूनच सुरू करू."

"ख... खदान?" पुंजाजीचं उपरणं हातातच राहिलं.

"नवं धरण होतंय, त्याला रेती-मुरूम लागतो ना. तळं, नाला, झिरा असेल तिथं हात लावायचा नाही, असा हुकूम आहे. म्हणून तर आधी पाणी शोधत उन्हातान्हात फिरतोय मी. कोरडं असेल तिथं मशीन लावायची. चांगलं तीन पुरुष खोल जाईल."

घ्या! पुंजाजीच्या तोंडचं होतं नव्हतं तेही पाणी पळालं. खरं बोलावं तर पोलीस, गप्प राहावं तर बापाचा झिरा. त्यानं जानरावकडं पाहिलं. जानराव आभाळाकडं पाहत होता. त्यानं भागिरथेकडं पाहिलं. तिनं एकदा नवऱ्याला नखशिखांत न्याहाळलं आणि घराची वाट धरली.

घरी चंद्री म्हैस कालपासून खुंट्याला होती. दुपारी तळ्यात डुंबायची तिची रोजची सवय. कालची डुंबणी चुकली म्हणून तिनं हंबरून वस्ती डोक्यावर घेतली होती. भागिरथेनं दावं सोडलं आणि म्हणाली, "जाय माय. आता तूच सांग त्याहिले."

चंद्री शेपूट वर करून जी निघाली, ती प्रेमसिंगची साखळी ओलांडून, दुर्बिणीला वळसा घालून थेट त्या सारवलेल्या खळ्यावर. कडाड् कडाड् तुराट्या मोडल्या आणि धप्पकन म्हैस गळ्याइतक्या पाण्यात! चिखलाचा फवारा उडाला तो साहेबाच्या टोपीपासून बुटापर्यंत.

साहेबाच्या टोपीवरून चिखल टपटपू लागला.

"साहेब," पुंजाजी म्हणाला, "पानी लागलं!"

साहेबानं चष्मा काढला. "हे काय आहे?"

"म्हैस हाय साहेब."

पहिल्यांदा प्रेमसिंग हसला. मग सारी वस्ती फुटली. साहेबाला राग आला होता, पण चिखलानं भरलेल्या तोंडानं रागावणं काही जमेना. तो म्हणाला, "बरं, तळं आहे असं धरतो. झेंडा तिकडं न्या, त्या गंजीपाशी. तिथं तरी कोरडं आहे ना?"

आता म्हशीचा काही उपयोग नव्हता. पुंजाजी चालत गंजीपाशी गेला आणि कडब्याच्या पेंढ्या उचलून फेकू लागला. जानराव धावला, मग बाकीचेही. फळ्या उचलल्या तसा आतला गारवा तोंडावर आला.

"हा माह्या बापाचा झिरा हाय, साहेब. तुमी इंजिन लावसान म्हून झाकला. अक्कल माहीच, दुसऱ्या कोनाची नाई. मले पोलिसात द्या, पन याले तेवढं लिवून घ्या."

भागिरथेनं पोहरा सोडला, तांब्या भरून पुढं केला. साहेबानं तोंड धुतलं. दुसरा तांब्या तो उभ्या उभ्या प्याला. मग ओले हात पँटीला पुसत म्हणाला, "गोड आहे. पोलिसाचं मग पाहू. आधी हा नाला कुठून कुठं जातो ते नीट दाखवा."

नाला दाखवला, पण वस्तीला आता चेव आला. जानराव साहेबाचा हात धरून बैल धुवायच्या डबक्यापाशी घेऊन गेला. एका म्हातारीनं न्हाणीतून वाहणारं पाणी दाखवलं आणि "हेबी लिवा" म्हणून हटून बसली. शेवटी गाडी चुकेल म्हणत साहेबानंच पळ काढला. जाताना लाल झेंडा उपटून पार वरच्या माळावर रोवून गेला.

दिवस कलला तेव्हा पुंजाजी चुलीपुढं बसला होता. तळ्यातून काढलेल्या तुराट्या चिंब ओल्या, आणि घरात दुसरं जळण नव्हतं. फुंकून फुंकून त्याचे गाल दुखले, धुरानं घर भरलं आणि डोळ्यांतून धारा लागल्या.

भागिरथा पीठ मळता मळता थांबली. "आवो, साहेबाले वापस बलाऊ काय?"

"काहून?"

"तुमच्या डोयातलं पानी लिवाचं राह्यलं ना!"