अकराव्या कोड्यावरचं बोट

मित्रांनो, मी एक जुना मोबाइल आहे. माझ्या काचेला कोपऱ्यापासून तडा गेला आहे, बॅटरी कशीबशी दुपारपर्यंत तग धरते, आणि कालची पोरं म्हणावीत असे फोनही माझ्यापेक्षा चपळ आहेत. पण खेळणारा माणूस समोर नसताना खेळत राहिलेलं बोट मी ओळखतो. भिऊ नका. भीती वाटलीच तर घरातल्या कोणाला तरी जवळ बसवून वाचा.

कारखान्यातला जन्म काही मला आठवत नाही. आठवतं ते अमरावतीचं एक दुकान आणि काउंटरवर टेकलेला रुंद, घट्टे पडलेला हात. तो किसनरावांचा. मूर्तिजापूरच्या यार्डात, शकुंतला नावाच्या छोट्या रेल्वेच्या अरुंद रुळांवर, त्यांनी चौतीस वर्षं सांधे बदलले. गाडीला या रुळावरून त्या रुळावर जायचं असेल तर तिथला सांधा वळवायचा, हे त्यांचं काम. निवृत्त झाल्यावर त्यांनी मला घेतलं. मला वापरताना ते आधी बोट शर्टाला पुसायचे आणि मग काचेवर दोनदा टकटक करायचे, दार वाजवावं तशी. एकदा टेकवलं की पुरतं, हे त्यांच्या मुलीने, रश्मीने, त्यांना शंभरदा सांगितलं. पालथ्या घड्यावर पाणी!

रश्मी इंजिनीअर. घराच्या पुढच्या खोलीत संगणक मांडून तिने स्वतःचा एक कोड्यांचा खेळ बनवायला घेतला. चौकोनी तुकडे फिरवून रूळ जोडायचे, रूळ जुळले की छोटी गाडी धावते. खेळाचं नावही ‘सांधा’. गंमत अशी की तिने तो एकदाच लिहिला. तोच माझ्यावर चालायचा, तोच तिच्या महागड्या फोनवर, तोच टॅबवर आणि संगणकावरही. दिसायला आम्ही वेगवेगळे, पण खेळापुरते एकाच माळेचे मणी. एका जागी चूक झाली की ती सगळीकडे व्हायची. मात्र नवं कोडं आधी माझ्यावर यायचं, कारण या म्हाताऱ्यावर जे चालेल ते कुठेही चालेल, असं रश्मी म्हणायची. मी फुशारून जायचो.

कोडी सोडवायचे किसनराव, आणि टिपण ठेवायचो मी. बोट कुठे टेकलं, किती वेळ टेकलं, कधी उचललं, सगळं. ते टिपण माझ्याकडून आपोआप रश्मीच्या खेळात जाऊन बसायचं. मग रश्मी ते टिपण दुसऱ्या यंत्रांवर चालवून बघायची. तिथे कोणाचा हात न लागता पांढरं वर्तुळ उमटायचं, दोनदा टकटक व्हायची आणि तुकडे फिरायचे. एकदा रश्मीची आई, भागीरथाबाई, मेथी निवडत बसल्या होत्या आणि शेजारचा टॅब असा एकटाच खेळायला लागला.

“बाई वं! हे कोन खेळून राह्यलं?”

“बाबा खेळून राह्यले,” रश्मी म्हणाली.

“ते तं न्हानीत हायेत!”

रश्मी हसून लोटपोट झाली. भागीरथाबाईंना मात्र हसू आलं नाही, त्यांनी टॅबवर टॉवेल टाकला. रश्मीला ही युक्ती इतकी आवडली की तिने ती खेळातच ठेवली. खेळणारा अर्धं मिनिट अडला, की बाबांचं बोट येऊन कोडं सोडवून दाखवणार.

अकरावं कोडं किसनरावांनीच सुचवलं. “खरा सांधा नुसता फिरवून भागत नाही. गाडी जाईपर्यंत दाबून धरा लागते,” ते म्हणाले. रश्मीने तसंच केलं. मार्चातल्या एका सकाळी ते कोडं माझ्यावर आलं.

“आज हात जड लागून राह्यला बापा,” किसनराव म्हणाले.

“बस, एवढं एकच कोडं, बाबा. मंग आराम करा.” रश्मीची नजर संगणकावरच होती.

बोट टेकलं. त्या दिवशी पुसणं नाही, टकटक नाही. गाडी सुटली, सांध्यावर आली. बोटाचा भार वाढत गेला, इतका की तसा भार माझ्या काचेने कधी सोसला नव्हता. ते थोडं घसरलं, थांबलं, पुन्हा घसरलं. काहीतरी बिघडतंय हे मला समजत होतं आणि मी नुसता टिपत राहिलो. मग किसनराव खुर्चीतून एका बाजूला कलले, मी फरशीवर आपटलो आणि टिपण अर्धवट राहिलं. बोट टेकल्याची नोंद त्यात होती, उचलल्याची नव्हती.

लकवा होता. किसनराव दवाखान्यातून घरी आले ते उजवा हात मांडीवर ठेवूनच. बोलणं हळूहळू सुधारलं. पण मी नजरेस पडलो की ते भिंतीकडे तोंड फिरवायचे. रश्मीने त्याचा एकच अर्थ घेतला. बाबांनी सांगितलं होतं, आपण ऐकलं नाही, आणि आता ते आपल्याला कधी माफ करणार नाहीत. तिने मला बंद करून ड्रॉवरमध्ये टाकलं. माझ्या वाट्याला पाच महिने अंधार आला.

मधल्या काळात तिने खेळ पुरा करून लोकांना दिला. अकरावं कोडं आलं की ती स्वतः भराभर सोडवून पुढे जायची, तिथे तिला थांबवतच नव्हतं. म्हणून तिला काही कळलंच नाही. कळलं ते एका फोनमुळे.

“मॅडम, जयभीम. अकोल्याहून धर्मेंद्र बोलून राह्यलो. माही पोरगी प्रणाली तुमचा खेळ खेळते. तो अकराव्यातला सांधा कोनीतरी दाबून धरून राह्यलं. बंद करून चालू केलं तरी तेच. टॅबवर तेच, माह्या फोनवर तेच. पोरगी टॅबले हात लावून नाही राह्यली. म्हनते, पप्पा, याच्यात मानूस हाय.”

संध्याकाळपर्यंत मोर्शीहून तसाच निरोप आला, मग आणखी दोन ठिकाणांहून. रश्मीला वाटलं, कोणीतरी खोडी केली आहे, यात कोणाचा तरी हात आहे. हात होताच. दुसऱ्या दिवशी तिने अकरावं कोडं उघडलं आणि पहिल्यांदाच हाताची घडी घालून अर्धं मिनिट थांबली. पांढरं वर्तुळ उमटलं. टकटक झाली नाही. वर्तुळ थोडं घसरलं, थांबलं, पुन्हा घसरलं, आणि तिथेच राहिलं. ते बोट कोणाचं आणि कोणत्या सकाळचं, हे तिला कोणी सांगावं लागलं नाही.

तिने ड्रॉवर उघडून मला बाहेर काढलं. खेळातली त्या टिपणाची एक ओळ पुसली की सगळे फोन मोकळे होणार होते, पण पुसण्याआधी ते टिपण तिला मूळ जागी एकदा बघायचं होतं. मी तडकलेल्या काचेनिशी चालू झालो. मागे किसनराव येऊन उभे आहेत हे तिला ठाऊक नव्हतं. या वेळी त्यांनी तोंड फिरवलं नाही. सांध्यावर थांबलेलं स्वतःचं बोट ते बघत राहिले.

रश्मीला रडू फुटलं. “बाबा, तुमी म्हनलं होतं, हात जड लागून राह्यला. मीच म्हनलं, एक कोडं अजून. माह्यामुळंच झालं.”

“येडी हाय का तू?” किसनराव अडखळत म्हणाले. “हात जाऊन राह्यला, हे मले समजलं होतं. गाडी सांध्यावर होती. मधीच सोडला असता तं डबे पडले असते.”

“बाबा, ते चित्र होतं!”

“हातानं पाह्यलं नाही ते चित्र होतं म्हनून.” ते खाली बसले. “मले तं लाज वाटून राह्यली होती पोरी. चौतीस वर्षांत सांधा तसाच टाकून मी कधी घरी आलो नाही. या मोबाइलकडं कोन्या तोंडानं पाहू?”

रश्मीने पाच महिने उराशी धरलेला धोंडा आणि किसनरावांनी धरलेला, दोन्ही एकदम खाली उतरले. भागीरथाबाई स्वयंपाकघरातून धावत आल्या, तेव्हा बापलेक एकमेकांकडे बघून रडतही होते आणि हसतही होते.

ती ओळ रश्मीने पुसली नाही. तिने मला किसनरावांच्या डाव्या हाताशी धरलं. दोन वेळा बोट चुकलं, डबे पडले, आणि त्यांनी रेल्वेतली एक शिवी हासडली, ती मी टिपली नाही. तिसऱ्या वेळी सांधा दबला. इंजिन गेलं, डबे गेले, शेवटचा डबा गेला. किसनरावांनी बोट उचललं. मी ते टिपलं, आणि रश्मीने ते सगळीकडे पाठवलं. त्या दुपारी अकोल्यात, मोर्शीत, जिथे जिथे तो खेळ होता तिथे तिथे, दाबून धरलेला सांधा सुटला.

मित्रांनो, जुन्या वस्तू जपून ठेवा, हे तर मी सांगणारच, माझा त्यात स्वार्थ आहे. पण माझं खरं मागणं वेगळं आहे. त्या सकाळी भागीरथाबाई पाच पावलांवर स्वयंपाकघरात होत्या आणि रश्मी हाताच्या अंतरावर. त्या दोघींना हाक मारायला मला तोंड नव्हतं. तुम्हाला आहे. घरातल्या कोणाचा हात जड पडताना दिसला, तर हातातला खेळ टाकून मोठ्याने ओरडा.