पुलापलीकडून येणारं रीळ

मित्रांनो, मी सिनेमाचा एक जुना प्रोजेक्टर आहे. नदीकाठच्या आमच्या थिएटरच्या दारात, काचेच्या कपाटात मी उभा असतो. "केवढं हे धूड!" असं मुलं म्हणतात. म्हणू देत. मी पडद्यावर जितकी लग्नं लावली, तितकी गावातल्या कुठल्याच मध्यस्थ बाईने लावली नसतील.

मी जन्मलो ओसाकाच्या कारखान्यात, पण मला माणसांत आणलं ते किसाबुरोंनी. बायको गेल्यापासून ते आणि त्यांची मुलगी सुमिए, अशी दोघंच थिएटर चालवत. रोज सकाळी ते माझ्या दातेरी चाकांना तेल घालत आणि माझ्याशी गप्पा मारत. मला फार बरं वाटे.

त्या काळी सिनेमाची प्रत एकच असे आणि थिएटरं दोन, एक अलीकडच्या काठावर, एक पलीकडच्या. पलीकडे रीळ संपलं की तिथल्या मालकाचा मुलगा तेइजी ते डब्यात घालून, सायकलवर पूल ओलांडून आमच्याकडे आणी. तो धापा टाकत जिना चढे आणि सुमिए त्याला चहा देई. चहा देताना ती माझ्या आडोशाला का उभी राहते, हे सगळ्यांत आधी मला कळलं.

किसाबुरोंची बहीण ओतोकु मात्र स्थळांचे फोटो घेऊन येतच होती.

"अगं, सत्ताविसावं लागलं तुला! आता काय माझ्या वयाची होऊन नवरी होणार?"

"आत्या, बाबांना साधा भात लावता येत नाही."

"मला काय धाड भरलीय?" किसाबुरो म्हणत. "मी मजेत राहीन. तू जा."

तेइजीने मागणी घातली, तेव्हाही ते हेच म्हणाले. सुमिएच्या तोंडून मात्र 'हो' निघेना. नववर्षापर्यंत उत्तर आलं नाही, तर तेइजीच्या घरचे दुसरीकडे बघणार होते. मला तर चैन पडेना.

तेव्हा आमच्याकडे एका बापलेकीचा सिनेमा लागला होता. त्या दुपारी खूप बर्फ पडला, म्हणून तेइजी शेवटची दोन्ही रिळं एकदमच घेऊन निघाला. पुलावर सायकल घसरली, डबे उघडले आणि घाईघाईत रिळांची अदलाबदल झाली. खाली लोक पाय आपटत होते. किसाबुरोंनी न बघताच रीळ चढवलं.

पडद्यावर आधी शेवटच आला. लेक सासरी गेलेली. रिकाम्या घरात बाप सवयीने दोन वाट्या मांडतो आणि मग एक हळूच उचलून ठेवतो.

"अरे देवा!" किसाबुरोंनी कपाळावर हात मारला. पण आता थांबवलं असतं, तर लोकांनी छप्पर डोक्यावर घेतलं असतं. मग पुढचं रीळ लागलं. त्यात तोच बाप हसत लेकीला सांगत होता, "माझी काळजी करू नकोस. मी मजेत राहीन."

एरवी या वाक्याला लोक हसत. त्या दिवशी कुणी हसलं नाही.

"खोटं बोलतोय म्हातारा!" पुढच्या रांगेतली मासेवाली ओरडली आणि रुमालाने नव्हे, चक्क टोपलीवरच्या फडक्याने डोळे पुसू लागली.

सुमिए जिना चढून वर आली. तेइजी मान खाली घालून माफी मागत होता. तिचं लक्षच नव्हतं.

"बाबा, तुम्हीपण असंच म्हणता ना?"

किसाबुरो उगाचच माझं झाकण पुसत राहिले. मग म्हणाले, "खोटंच आहे ते. मला करमणार नाही. पण माझ्यापायी तू थांबलीस, तर मला घास गोड लागणार नाही."

सुमिए रडली, आणि लगेच तेइजीकडे वळली. "घरी सांग, मी येतेय. पण यापुढे रिळं मी नेणार-आणणार. तुला दोन डबे धड सांभाळता येत नाहीत!"

"नवी सून आणि सायकलवर?" सुमिएच्या मागोमाग जिना चढून आलेली ओतोकु कडाडली. "लोक काय म्हणतील?"

"म्हणतील, सिनेमा वेळेवर सुरू झाला," किसाबुरो म्हणाले.

वसंतात लग्न झालं. त्यानंतर रोज दुपारी किसाबुरो खिडकीत उभे राहून पुलाकडे बघत. सायकल दिसली की दोन कपांत चहा ओतत. भात ते शेवटपर्यंत करपवतच राहिले.

आता किसाबुरो नाहीत आणि मलाही काम नाही. केस पिकलेली सुमिए अधूनमधून येऊन माझं भिंग पुसते, एवढं मला पुरतं. मित्रांनो, जुन्या यंत्रांना थोडं तेल घालत जा. आणि घरातलं कुणी एकटं राहणारं "मी मजेत आहे" म्हणालं, तर तेवढ्यावर विश्वास ठेवू नका. एकदा जिना चढून वर जा.