अकरा बाटल्या

पंचशीलाने मागे ठेवलेल्या चाळीस बाटल्यांपैकी अकरा बाटल्यांतल्या कृमींची सोंड बाहेर आलेली होती. उरलेल्या एकोणतीस बाटल्यांत एकाही कृमीची नव्हती. मासे एकाच खाडीतले, स्पिरिट एकाच कॅनमधले, लेबलांवरचे अक्षर एकाच हाताचे.

सिल्व्हर पार्क वसाहतीतल्या त्या दोन खोल्यांत या बाटल्या चौदा महिने फडताळावर होत्या. धम्मपाल त्यांवरची धूळ पुशी, पण एकही जागची हलवत नसे. त्याची बायको पंचशीला काविळीने गेली तेव्हा तिचा प्रबंध अर्ध्यावर होता. विषय होता बोईट माशांच्या आतड्यातले काटेरी डोक्याचे कृमी. २००८च्या जानेवारीत, तिच्याच प्रयोगशाळेत तिच्यामागून आलेली मिनल सूक्ष्मदर्शक घेऊन घरी आली आणि दोन दिवस मान मोडून बसली.

"भाऊजी, यांची जात ठरते ती सोंडेवरच्या आकड्यांवरून," ती म्हणाली. "किती रांगा, एका रांगेत किती आकडे. सोंड आतच राहिली तर मोजणार काय, कपाळ?"

"या अकरांत मोजता येतात ना?"

"येतात. आणि ताईच्या या कृमींची जात नवी निघेल असं वाटतंय. पण सर विचारणार, याच अकरा कशा? यांचं वेगळं काय केलं? वहीत एक अक्षर नाही. कारण लिहिता आलं नाही तर हे तिच्या नावानं छापणार नाहीत."

धम्मपाल रसायनशास्त्राचा पदवीधर. भाईंदर पूर्वेच्या भांड्यांच्या कारखान्यात पत्र्याची तपासणी करणारा. योगायोग हा शब्द त्याला आळशी माणसाचा वाटे. तिचे नाव छापलेले पाहावे, एवढ्या एकाच इच्छेची मुभा त्याने स्वतःला दिली होती. बाकी आठवणींच्या वाटेला तो जात नसे, कारण त्या वाटेवर एक जुनी तक्रार ठाण मांडून बसलेली होती: शेवटच्या वर्षी बायको आपल्या वाट्याला आली नाही, कृमींच्या आली.

दुसऱ्या दिवशी, त्या अकरा वेळचे मासे वेगळे होते का हे विचारायला, तो गोडदेवला मासेवाल्या चंपाकडे गेला. पंचशीला मासे तिच्याकडूनच घेई.

"खाडी येकच हाय, जालं येकच हाय," चंपा खवले काढता काढता म्हणाली. "तुजी बाय गिऱ्हाईक म्हनून येडीच. मासा मलाच परत द्यायची न् आतडी घेऊन जायची. मी म्हनायची, घोवाला उपाशी ठेवतेस काय ग?"

धम्मपाल हसला. बऱ्याच महिन्यांनी. "मग काय म्हणायची?"

"म्हनायची, तो घरी असतोच कवा."

घरी येऊन त्याने त्या अकरा बाटल्यांवरच्या तारखा कागदावर उतरवल्या आणि प्रत्येकीपुढे वार लिहिला. जूनपर्यंतच्या सहा तारखा, सगळे शुक्रवार. नंतरच्या पाच, सगळे मंगळवार. पेन्सिल तिथेच थांबली. कारखान्याला सुट्टी रविवारी नसे, वीजकपातीच्या वारी असे. त्या वर्षी ती जूनपर्यंत शुक्रवारी होती, पुढे मंगळवारी झाली.

"मिनल, सोंड बाहेर यायला काय करावं लागतं?"

"जिवंत कृमी रात्रभर थंड, साध्या पाण्यात ठेवायचे. सैल पडून मरतात, सोंड आपोआप बाहेर येते. पण ताई ऐकायची नाही. उकाड्यात कुजतील म्हणायची. आल्या आल्या स्पिरिटमध्ये. मग सोंड आत ओढूनच मरतात."

धम्मपालला फ्रिजमधली झाकण घातलेली स्टीलची वाटी आठवली. तहान लागली म्हणून तो ती तोंडाला लावणार, तोच पंचशीला म्हणाली होती, "अहो, ठेवा ती. माझी माणसं आहेत त्यात."

"आज यांना स्पिरिट नाही?" पलंगावर आडवे होत त्याने विचारले होते.

"उद्या तुम्ही कामावर गेलात की. सरका जरा."

आणि त्याने सरकून दिलेल्या अर्ध्या जागेवर ती पाय पोटाशी घेऊन बसली होती, त्याला झोप येईपर्यंत.

"काय लिहू, भाऊजी?" मिनलने वही पुढे ओढली.

"रात्रभर थंड पाण्यात ठेवले, असं लिही. अकराही वेळा."

"नक्की?"

"नक्की. मी घरी होतो."

मिनलने लिहून घेतले. कारण एवढेच होते: त्याच्या सुट्टीच्या त्या अकरा दिवसांत पंचशीलाने आपले काम दुसऱ्या दिवसावर टाकले होते. कृमी फ्रिजमध्ये पाण्यात राहिले, आणि ती त्याच्याजवळ बसली होती.