सत्तावन्न वर्षांचा वॉचमन

अठ्ठ्याण्णव साली, एका सोमवारी, माजी सुभेदार नाथाजी कुपवाडच्या कारखान्यातून रिटायर झाले. मंगळवारी तसं काही घडलंच नाही अशा थाटात गेटवर हजर! अठ्ठावन्नला रिटायर करायचा नियम. पण कारकुनाला खाडाखोडीचा कंटाळा, म्हणून वहीत सहा वर्षं सत्तावन्नच. नवा कॉम्प्युटर मात्र त्रेसष्ट म्हणाला. नाथाजींनी कॉम्प्युटरवाल्या राजरत्नला गाठलं.

"राजरत्न, तुजाच प्रोग्रॅम न्हवं? सत्तावन्न लिही की रं."

"आवं नाना, वयाचा रकाना नुसता दिसतोय, आत कायबी लिवल्यालं न्हाई. बघितलं की फंक्शन आजच्या तारखेतनं जन्मतारीख वजा करतंय."

"म्हंजे वय बराबर हाय, तारीखच पुढं गेलीया!"

नाथाजींनी थेट कलेक्टरांना अर्ज लिहिला: 'सबब, आजची तारीख सहा वर्षे मागे घेऊन तेथेच कायम करावी, ही नम्र विनंती.'