रेकॉर्डची पट्टी

कमलिनीनं थर्मासमधून मिऱ्यांच्या रसमचा घोट घेतला, तो जरा वेळ घशात धरला आणि गिळून झाल्यावर हळूच वरचा सूर लावून पाहिला. सूर लागला, पण कडेला फाटला. तिनं आणखी एक घोट घेतला.

"लागतंय ना?" मुरलीनं ग्रीनरूमच्या दारातून डोकं आत घालून विचारलं.

"लागतंय, पण दुखतंय. मुरली, आज तेवढं होडीतलं गाणं अर्धी पट्टी खाली घेऊ या ना."

मुरली हा ऑर्केस्ट्राचा मालक, की-बोर्ड वाजवणारा आणि जुन्या रेकॉर्डांचा निस्सीम भक्त. चेन्नईतल्या तिरुवल्लिकेणीत वाढलेला तंजावरी मराठी. त्याच्या कार्यक्रमात पन्नास वर्षांपूर्वीची तमिळ सिनेगाणी जशीच्या तशी वाजत, आणि जशीच्या तशी म्हणजे अगदी तशीच. मूळ गायिकेनं ओळीच्या मध्येच श्वास घेतला असेल, तर कमलिनीनंही तिथेच घ्यायचा. रेकॉर्डमधला एखादा व्हायोलिनवाला बेसूर झाला असेल, तर मुरली आपल्या व्हायोलिनवाल्याला तेवढंच बेसूर व्हायला लावी. लोक त्यासाठीच येत. पहिल्या रांगेत रेल्वेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ मोबाइलवर सूर मोजणारं अ‍ॅप उघडून बसत आणि मध्यंतरात निकाल जाहीर करत.

"पट्टी उतरवली की ते आपलं गाणं झालं, अक्का. तिचं राहिलं नाही," मुरली म्हणाला.

"डॉक्टर काय म्हणाले ते सांगितलंय मी तुला."

डॉक्टरांनी स्वरतंतूंवरच्या गाठी पडद्यावर दाखवल्या होत्या. वरच्या पट्टीत गाणं थांबवा, नाहीतर पुढे बोलायलाही आवाज उरणार नाही, असं स्वच्छ सांगितलं होतं. पण थांबवायचं म्हणजे गाणंच सोडायचं. या शहरात तिला दुसरं कोण गायला बोलावणार होतं? नवऱ्याला, सिद्धार्थला, चेन्नईजवळच्या आवडी गावातल्या कारखान्यात नोकरी लागली आणि ती नागपूरहून इथे आली, तेव्हा तिचा आवाज रुंद होता, खालच्या सुरांत भरून येणारा. तमिळ शब्द देवनागरीत लिहून घेऊन ती दुसरीचा बारीक, उंच आवाज काढायला शिकली, इतकी की चेन्नईत तिचा स्वतःचा आवाज कुणी ऐकलेलाच नव्हता. दुसऱ्याच्या घरात राहावं आणि खिडकीही त्यांना विचारून उघडावी, तसं तिला वाटे. तिला त्या आवाजाचा मनापासून कंटाळा आला होता.

मुरलीनं तिच्याकडे पाहिलं. तो काही दुष्ट नव्हता.

"आज ती स्वतः येणार आहे. जिनं गायलं तीच लोकांसमोर म्हणाली, खाली घे, तर मी जन्मभर खाली घेईन. शब्द देतो."

तो गेला आणि थोड्याच वेळात तुळजाम्मांना हाताला धरून घेऊन आला. मूळ गायिका त्याच. लहानखुऱ्या, पाठीत वाकलेल्या, अंगावर कांजीवरम आणि कानात श्रवणयंत्र. मैलापूरच्या या संगीतसभेत त्यांना प्रमुख पाहुण्या म्हणून बोलावलं होतं. त्याही मूळच्या तंजावरकर मराठी हे कळल्यावर कमलिनीला जरा धीर आला. मुरली त्यांना खुर्चीत बसवून माईक तपासायला गेला.

"तूच का ती?" तुळजाम्मांनी विचारलं. "म्हण बघू मझ्यापुढे."

कमलिनीनं होडीतल्या गाण्याची पहिली ओळ म्हटली. वरच्या सुरावर तिची मान ताठ झाली.

"इतकी वर कां चढतेस?"

"रेकॉर्ड तिथे आहे ना, अम्मा."

"रेकॉर्ड आहे. मी नव्हतें."

कमलिनीला काही उमगेना. तुळजाम्मा हसल्या.

"हीरॉइन सोळा वर्षांची आणि मझा आवाज जाड. पहिल्यापासून शेवटपर्यंत अस्कं रेकॉर्डिंग झाल्यावर निर्मात्यानं मशीनच जरा जोरात फिरवलं. अर्धी पट्टी वर गेलं. रेडिओवर पहिल्यांदा ऐकून मीच विचारलें, ही कोण गं पोर?"

"मग तुम्ही स्टेजवर कशा गात होतात?"

"मझ्या पट्टींत गायलें. लोक म्हणाले, हिचा आवाज गेला. वर चढवून गायलें, तर फाटला. म्हणाले, खरंच गेला. मग मी गेलेंच नाही कोठें." त्यांनी साडीचा काठ गुडघ्यावर सारखा केला. "कोण विचारतं कां आली नाही म्हणून?"

कमलिनीला आधी हसू आलं, मग डोळे भरून आले. कुणाच्याच गळ्यातून न आलेल्या आवाजासाठी ती इतकी वर्षं आपला गळा फाडून घेत होती. तिनं तुळजाम्मांचे दोन्ही हात धरले, गाठींचं सांगितलं, मुरलीनं दिलेला शब्द सांगितला.

"हे लोकांसमोर बोलाल, अम्मा? एवढंच बोला."

"बोलतें की. आता मज कसली भीती?"

त्या संध्याकाळी कमलिनी हलक्या मनानं स्टेजवर उभी राहिली. होडीतलं गाणं आलं तेव्हा ही शेवटचीच वेळ, असं तिनं घशाला बजावलं. सूर टोचत होता, तरी तिनं तो धरून ठेवला, रेकॉर्डमध्ये आहे तितका वेळ. पहिल्या रांगेतल्या गृहस्थांनी मोबाइल उंचावून अंगठा दाखवला.

तुळजाम्मांना वर आणलं, तेव्हा सगळं सभागृह उभं राहिलं. पांढऱ्या केसांची माणसं खुर्चीचा आधार घेऊन उभी होती. टाळ्या थांबल्यावर मधल्या वाटेवरून एक म्हातारे गृहस्थ पुढे आले आणि तमिळमध्ये मोठ्यानं म्हणाले,

"अम्मा, माझी बायको शेवटी मलाही ओळखत नव्हती. पण हे गाणं लावलं की तिचे ओठ हलायचे. तुमचा तो आवाज आज पुन्हा ऐकला. आता मला काही नको."

निवेदकानं डोळे पुसले आणि माईक तुळजाम्मांपुढे धरला.

"तुम्हीच सांगा, अम्मा. तसाच होता ना?"

मुरलीनं की-बोर्डवरचे हात काढून घेतले. कमलिनी तुळजाम्मांकडे पाहत राहिली. तुळजाम्मांनी तिच्याकडे पाहिलं, मग त्या गृहस्थांकडे, मग मागे शेवटच्या रांगेपर्यंत.

"अशीच," त्या म्हणाल्या. "अगदी अशीच गात होते मी."

टाळ्यांचा कडकडाट झाला. कमलिनीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. एवढं धडधडीत खोटं, आणि तेही तिच्या हातात हात देऊन कबूल केल्यावर! तिनं मान वळवली. मुरली हात जोडून उभा होता आणि त्याचा चेहरा उजळून निघाला होता. आता तो कधीच काही ऐकणार नव्हता.

तेवढ्यात मागून कुणीतरी ओरडलं, "अम्मा, एक ओळ!" मग दुसरं, मग सगळेच. निवेदकानं माईक तुळजाम्मांच्या हातातच दिला.

सभागृह एकदम शांत झालं. कमलिनीला काहीच करायचं नव्हतं. नुसतं उभं राहायचं होतं. पहिल्याच सुराला त्या गृहस्थांचं अ‍ॅप सांगेल, मुरलीचे कान सांगतील. तुळजाम्मा वर चढल्या तर आवाज फाटेल आणि तो सूर त्यांचा नव्हे हे कळेल, खाली गायल्या तर सगळं उघडं पडेल. कसंही झालं तरी कमलिनी सुटेल.

तुळजाम्मांनी माईक वर उचलला. त्यांचा मोकळा हात गळ्याशी गेला आणि तिथेच राहिला. माईक हनुवटीजवळच थांबला. त्यांनी कमलिनीकडे पाहिलं नाही. ज्या माणसांनी आपला आवाज गेला म्हणून सांगितलं होतं, त्यांच्याकडेच त्या पाहत होत्या.

कमलिनी पुढे झाली. तिनं तो माईक त्यांच्या बोटांतून हळूच सोडवून घेतला.

"अम्मांचा घसा बसलाय," ती आपल्या मोडक्या तमिळमध्ये म्हणाली. "त्यांच्या वतीनं मीच म्हणते."

लोक खूश झाले. मुरलीनं कुठल्या पट्टीत ते डोळ्यांनी विचारलं. सवयीनंच विचारलं असेल. तिनं मान हलवली. तीच, रेकॉर्डची.

तुळजाम्मांनी तिचं मनगट पकडलं.

"नको गं पोरी," त्या मराठीत पुटपुटल्या. समोरच्या एवढ्या माणसांतल्या कुणालाही ते ऐकू गेलं नाही. कमलिनीला गेलं. तिनं त्यांचा हात तसाच राहू दिला, श्वास घेतला आणि वरचा सूर लावला.