घशात उजेड नको

पचकन आवाज झाला आणि तीनशे माणसांनी एकदम सुस्कारा सोडला.

बंद पडलेल्या थिएटरच्या स्टेजवर चिमटेबुवा उभा होता. समोरच्या खुर्चीत एक बाई, गावात शिवणकाम करणारी, डोळे पुसत होती. आत्ताच बुवाने तिच्या तोंडावर पांढरा टॉवेल धरला होता, दोन बोटं घशात घातली होती आणि बोराएवढा लालसर मांसाचा गोळा बाहेर काढून स्टीलच्या वाडग्यात टाकला होता.

"घ्या! बारा वर्षं पोसलेलं दुखणं!" बुवा माईकवर गरजला. "सुरी नाही, सुई नाही, भूल नाही, रक्ताचा थेंब नाही. सायन्सला मी नावं ठेवत नाही हां! सायन्स माझं धाकटं भावंड आहे. पण ते जिथं हात टेकतं ना, तिथं माझी दोन बोटं सुरू होतात!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. माझ्या शेजारची खुर्ची रिकामी झाली. माझा धाकटा भाऊ उठून स्टेजकडे निघाला होता.

"अरे, थांब!" मी त्याचा सदरा धरला.

"दादा, सोड. एकदा तरी मला माझ्या मनाने करू दे."

मी सोडलं. आजही त्या सदऱ्याची कड बोटांना आठवते, आणि स्वतःचाच राग येतो.

आता आम्ही कोण ते सांगतो. मी मोठ्या हॉस्पिटलच्या पॅथॉलॉजीत टेक्निशियन आहे. ऑपरेशनमध्ये कापलेलं जे जे बाटलीतून येतं, त्याच्या पातळ चकत्या करून काचेवर घ्यायच्या आणि रंगवून डॉक्टरांपुढे ठेवायच्या, हे तीस वर्षं करतोय. टॉन्सिल मी शेकड्यांनी पाहिलेत. धाकटा बस डेपोत माईकवर गाड्यांच्या वेळा सांगायचा. त्याचा आवाज गावभर ओळखीचा, पण वर्षातून सात-आठ वेळा तो बसायचा. घसा सुजायचा, ताप यायचा आणि अँटिबायोटिकवर आठवडा जायचा. चाळिशीला आलेला माणूस, त्यात शुगर. ड्यूटीवर चहा, बिस्किटं आणि थंडगार गोड बाटल्या, दुसरं काही पोटात नाही.

आमच्या हॉस्पिटलातल्या घशाच्या डॉक्टरीणबाईंनी त्याला स्पष्ट सांगितलं होतं, "टॉन्सिल काढायला हवेत. मोठेपणी दुखतं जास्त, खोटं कशाला बोलू? दोन आठवडे घरी बसावं लागेल, मऊ, गार खायचं, दुखलं तरी पाणी पीत राहायचं. पण आधी शुगर खाली आणा. सहा आठवडे रोज डाळ, पालेभाजी, दही, अंडं, एखादं फळ. गोड बाटल्या बंद. जेवायची वेळ ठरलेली. एवढंच, यात जादू काही नाही."

बाहेर आल्यावर धाकटा म्हणाला, "सहा आठवडे पाला खायचा आणि मग गळा कापून घ्यायचा? अन् तो बुवा दोन मिनिटांत करतो!"

आणि दोन मिनिटांतच झालं की! बुवाने टॉवेल धरला, धाकट्याला उमासा आला, वाडग्यात पचकन, पुन्हा एकदा पचकन. दोन्ही गोळे मिठाच्या पाण्याच्या बाटलीत घालून त्याच्या हातात दिले. वर तीन आज्ञा. चाळीस दिवस फक्त पांढरं अन्न, म्हणजे भात, पाव, दूध, साखर. रोज सकाळ-संध्याकाळ बुवाची एक पुडी. आणि तिसरी सगळ्यांत कडक.

"चाळीस दिवस घशात उजेड जाता कामा नये! टॉर्च नाही, आरसा नाही, डॉक्टर नाही. बोलताना, हसताना, जांभई देताना तोंडावर हात. उजेड गेला की गाठ परत फिरलीच म्हणून समजा!"

दृष्टीआड सृष्टी म्हणतात ती ही. पण गावाने ती आज्ञा अशी पाळली की बघत राहावं. भाजीवाली तोंडावर हात धरून भाव सांगे. बँकेतला कॅशियर एका हाताने नोटा मोजे. डेपोत धाकट्याने माईक आणि ओठ यांच्यामध्ये तळहात धरला, म्हणून सहाची गाडी पाचची समजून माणसं धावत सुटली. मी खूप हसलो. हसण्यासारखंच होतं तेव्हा.

आणि धाकट्याला बरं वाटत होतं, हेही खरं. सूज उतरली, दुखणं गेलं, भूक खवळली. पाव-दूध-साखर, साखर-दूध-पाव. भावजय कौतुकाने वाढत होती. "दादा, बघा, किती वर्षांनी यांनी पोटभर खाल्लं," ती म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. 

चौथ्या दिवशी धाकटा बाटली घेऊन लॅबमध्ये आला. "दादा, वास मारतंय रे. सगळ्यांच्याच बाटल्यांना येतोय. बुवा म्हणतात, रोग बाहेर पडतोय. पण घरात बसवत नाही."

आता माझी चूक ऐका. आमच्याकडे एकच शिस्त. नमुना हातात आला की आधी फॉर्मालिनमध्ये टाकायचा, म्हणजे तो सडत नाही. बाकीचे प्रश्न नंतर. तीस वर्षांचा हात तो, डोक्याला विचारतो थोडाच! धाकटा बोलत होता तेवढ्यात मी पाणी ओतून दिलं, फॉर्मालिन भरलं आणि झाकण लावलं. एक गोळा मात्र तपासायला काढून ठेवला. दुसरा घेऊन तो गेला.

आठवड्याने गावात बोभाटा! साऱ्यांच्या बाटल्या सडल्या, डेपोवाल्याची तशीच ताजी. त्याची श्रद्धाच तेवढी शुद्ध! माणसं दर्शनाला येऊ लागली, बुवाने स्टेजवरून त्याचं नाव घेतलं आणि रांग दुप्पट झाली. मी ओरडून सांगत होतो, अरे, ते माझं फॉर्मालिन आहे! पण पालथ्या घड्यावर पाणी. बुवाचा चमत्कार मी माझ्या हाताने टिकवून दिला होता.

राहिलेल्या गोळ्याची चकती मी मायक्रोस्कोपखाली धरली. टॉन्सिलचा मागमूस नाही. स्नायूच स्नायू, आणि मधे रक्ताच्या लाल पेशी, प्रत्येकीच्या पोटात केंद्रकाचा काळा ठिपका. माणसाच्या लाल पेशीत तो नसतो. पक्ष्याच्या असतो. बुवाने धाकट्याच्या घशातून कोंबडीचं काळीज, म्हणजे हृदय, उपटलं होतं, बाजारात पिशवीभर मिळतं तसलं.

धाकट्याला ओढत आणला, डोळा भिंगाला लावायला लावला, सगळं समजावलं. तो तोंडावर हात ठेवूनच म्हणाला, "दादा, रोगाचं रूप बदलतं. बुवांनी आधीच सांगितलंय, लॅबवाले असं काहीतरी दाखवतील."

"अरे गाढवा, मग तोंड उघड! टॉर्च आहे इथे. गेले असतील तर दिसणार नाहीत. हातच्या काकणाला आरसा लागत नाही, पण घशाला लागतो ना!"

"चाळीस दिवस झाले की बघ. बरं वाटतंय रे मला. कशाला मोडता घालतोस?" तो खरंच आनंदात होता. मी टॉर्च परत खणात ठेवला.

पाहिलं ते त्याच्या मुलीने. दहा वर्षांची पोर, चिमणी म्हणतात तिला. रविवारी दुपारी बाप तोंड उघडं टाकून घोरत होता. हिने खेळण्यातला टॉर्च मारला आणि धावत माझ्या घरी आली.

"काका, बाबांचे दोन्ही आहेत! हे एवढे! आणि एका बाजूला पांढरं पांढरं."

मी तसाच निघालो. पण भावजयीने पोरीच्या पाठीत धपाटा घातला आणि दार अडवलं. "उजेड गेला! आता परत फिरली गाठ! दादा, तुम्हीच शिकवता तिला हे." धाकटा आतून काहीच बोलला नाही. जबडा आखडायला लागला होता, ते मला त्यानंतर तिसऱ्या दिवशी कळलं.

एकविसाव्या दिवशी त्याला आमच्याच हॉस्पिटलात आणला. मान कानापर्यंत सुजलेली, लाळ गळत होती, तोंड बोटभरही उघडेना. शुगर पाचशे चाळीस. डॉक्टरीणबाईंनी पुडी हुंगली, बाहेर तपासायला पाठवली. कुटलेलं स्टेरॉइड निघालं. त्याने सूज उतरते, दुखणं दबतं, माणसाला वाटतं बरा झालो. आत पू वाढत राहतो. वरून शुगर चढते, त्यात एकवीस दिवस साखर आणि पाव.

"सहा आठवडे डाळ-भाजी खाल्ली असती तर..." म्हणत डॉक्टरीणबाईंनी स्कॅन माझ्यापुढे धरला. पू मानेतून छातीत उतरला होता. चौथ्या दिवशी सकाळी दहाला माझा भाऊ गेला. शेवटी मानेला भोक पाडून नळी घातली होती, त्यामुळे तो काही बोलू शकला नाही. माझा हात मात्र घट्ट धरून होता.

तेराव्या दिवसापर्यंतही मी थांबलो नाही. पोलिसांत तक्रार दिली, अर्जाची पोच मिळाली, बस्स. मग थिएटरच्या दारात, रांगेसमोर, खुर्ची टाकली. डेपोतला एक कंडक्टर धाकट्याचा दोस्त, त्याला बसवला. टॉवेल दाखवला.

"बघा! रक्त नाही, घाम नाही, मग टॉवेल कशाला? ही त्याची दुमडलेली कड. हिच्यात कोंबडीचं काळीज लपवायचं. बोटं घशात घातली की माणसाला उमासा येतो, डोळे मिटतात. तेवढ्यात कडेतून ओढायचं. असं!"

वाडग्यात पचकन आवाज झाला. रांगेतली माणसं वाडग्यात वाकून बघू लागली. मला वाटलं, पोचलं. आता पोचलं.

मागून एक म्हातारी पुढे आली. तोंडावर हात धरून, हळूच म्हणाली, "अहो, तुमच्याही हाताला गुण आहे की! माझ्या नातवाचा काढता का? आत फार गर्दी आहे."

मी तिथेच खाली बसलो. कंडक्टरने टॉवेल आणि वाडगा गोळा केला. रांग आमच्या बाजूने वळसा घालून आत सरकली.

भावजय आता माझ्याशी बोलत नाही. तिचं म्हणणं साधं आहे. बाटली उघडली मी, टॉर्च मारला पोरीने, म्हणून तो गेला. तिला दुसरं काही मानता येत नाही. मानलं तर आपणच त्याला ते पाव-दूध वाढलं, हे मानावं लागेल. मला तिचा राग येतो, आणि कीवही येते. फळीवर ती बाटली अजून आहे. अजून ताजी आहे.

गेल्या आठवड्यात चिमणीचा घसा सुजला. भावजय तिला घेऊन थिएटरला गेली. मी दारात आडवा झालो, तर चार जणांनी मला बाजूला केलं. अर्ध्या तासाने दोघी बाहेर आल्या. पोरीच्या हातात बाटली, तोंडावर हात. माझ्याकडे तिने पाहिलंही नाही.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर ती लॅबच्या दारात उभी होती. दप्तर खाली ठेवलं, पुडी काढून टेबलावर ठेवली. "ही खाल्ली नाही मी. काका, टॉर्च आण."

तिने हात काढला आणि आ केला. दोन्ही टॉन्सिल जागच्या जागी, लालबुंद.

"आहेत?"

"आहेत."

"मला माहीत होतं," ती म्हणाली. डॉक्टरीणबाईंनी तिला औषध दिलं, ऑपरेशनची गरज नाही म्हणाल्या. रोज नीट जेव, भाजी टाकू नकोस, पाणी पी. ती सगळ्याला हो म्हणाली. जाताना जिन्यात थांबली.

"काका, औषध मी लपवून घेईन. भाजी शेजारच्या काकूंकडे खाईन. पण आईचा पण घसा दुखतोय. ती परवा जाणार आहे. तिला कोण सांगणार?"

माझं ती ऐकणार नाही, हे पोरीलाही माहीत होतं. तिने दप्तर सावरलं आणि रस्त्यावर पाऊल टाकायच्या आधी तोंडावर परत हात धरला, कुणी बघून आईला सांगू नये म्हणून.

म्हणून हे तुम्हाला सांगतोय. मला गाव बदलता आलं नाही, भाऊ वाचवता आला नाही. तुम्ही फार काही करू नका. घशाचं दुखणं असेल तर डॉक्टरला दाखवा, ताटात रोजचं साधं अन्न घ्या. आणि ज्या गोष्टीकडे बघू नका असं कुणी सांगेल, तिच्याकडे आधी बघा. तुमच्या घरात कुणी तोंडावर हात धरून बोलत असेल, तर आजच, आत्ताच, तो हात खाली करा आणि टॉर्च मारा.